कठडा, गेज आणि बुधवारचा पगार

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात आठवं वचन आहे. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, नाहीतर कोणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. भोसरीत माझं ग्रिल-रेलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. लहानपणापासून उपासनेला जातो, पण हे वचन आपल्याच धंद्याचं आहे हे चाळिशीत कळलं. आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक मुलगा आता स्वतःचं शॉप टाकतोय. “काका, धंद्यात विश्वास पाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं?” असं त्याने विचारलं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात कोटेशनपासून करा. गिऱ्हाईक समोर बसून घासाघीस करायला लागलं की सद्सद्विवेक फार बारीक आवाजात बोलतो. त्यामुळे काय करणार नाही ते आधीच ठरवून कोटेशनच्या कागदावर छापून टाका. माझ्या कागदावर खाली कायम दोन ओळी असतात. बाल्कनीच्या रेलिंगमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट ठेवणार नाही, आणि खिडकीला बॉक्स ग्रिल करायचं असेल तर त्यात आतून उघडणारी एक झडप असेलच. लोक म्हणतात, झडप नको, चोर येईल. मी विचारतो, आग लागली तर तुम्ही कुठून जाणार? तरीही नकोच म्हणाले तर ते काम सोडतो. वर्षाला दोन-तीन कामं अशी जातात.

आता वजन. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रं ११:१ आपल्याला पाठ असतं. आमच्या लाईनीत तागडी दोन ठिकाणी खोटी होते. काम किलोवर असेल तर वजनात मारतात, स्क्वेअर फुटावर असेल तर गेजमध्ये, म्हणजे पाइपच्या पत्र्याच्या जाडीत; गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. १६ गेजचा पाइप साधारण १.६ मिलिमीटर जाड असतो, १८ गेजचा १.२. म्हणजे पाव भाग लोखंड गायब, आणि वरून रंग मारला की कुणाच्या बापालाही कळत नाही. म्हणून गेज लेखी द्या आणि रंगाआधी गिऱ्हाइकाला बोलावून पाइपचं कापलेलं टोक दाखवा. चौरस बारला तर सरळ हिशोब आहे: बाजू मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ०.००७८५ ने गुणा, की मीटरमागे किलो निघतात. १० एमएमचा बार ०.७८५ किलो, १२ एमएमचा १.१३. हे सूत्रही मी कोटेशनवर छापलंय. मोठा माल काट्यावर नेताना गिऱ्हाइकाला टेम्पोत सोबत बसवतो. त्या काट्याला ‘धर्मकाटा’ म्हणतात. नाव ज्याने ठेवलं त्याला माझा सलाम.

एवढं सगळं सांगतोय, पण मीही घसरलोय. वडगाव शेरीतल्या एका आजींच्या खिडक्यांना १६ लिहून १८ गेज गेला. सप्लायरकडून चुकून आला होता हे खरं, पण दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं आणि मी गप्प बसलो, हेही खरं. चार महिन्यांनी जाऊन सांगितलं आणि ग्रिल बदलून दिलं. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत केलं होतं, माझ्याच्याने एकपटच झालं.

बिलाचं थोडक्यात सांगतो. “पक्कं बिल नको, १८ टक्के वाचवा” हे रोज ऐकावं लागतं. मी दर जीएसटी धरूनच सांगतो, म्हणजे ‘बिलासह’ आणि ‘बिलाशिवाय’ असे दोन दर मुळात उरतच नाहीत. रोमकरांस १३:७ मध्ये ज्याचा कर त्याला द्या म्हटलंय, त्यात पळवाट मला तरी सापडली नाही. सोसायटीचं काम असलं की कमिटीतला कुणीतरी “आमचं काय?” विचारतो. भाषण देऊ नका. “सूट द्यायला तयार आहे, सोसायटीच्या नावाने बिलात दाखवतो,” एवढंच म्हणा. काही जण हसून विषय बदलतात, काही परत फोन करत नाहीत.

पगाराबाबत मात्र मी कडक आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवायची नाही, लेवीय १९:१३. आमच्याकडे वीजबंदचा गुरुवार हीच आठवड्याची सुट्टी, म्हणून पगार बुधवारी संध्याकाळी. पार्टीचं पेमेंट आलं नाही ही सबब वेल्डरला सांगायची नाही. त्यासाठी एका आठवड्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. माझी जमवायला दीड वर्ष लागलं. गुरुवारच्या सुट्टीमुळे रविवार कामाचा होतो, म्हणून रविवारी शटर उपासनेनंतर अकराला उघडतो. उशीर माझ्यामुळे होतो, तेव्हा कुणाचाही अर्धा दिवस कापत नाही.

राहिली उधारी. कंपन्यांचं काम करत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. हे नम्रपणे, पण लेखी आठवून द्या. क्षमा करणं वेगळं आणि बिल विसरणं वेगळं, आपली माणसं यात फार गल्लत करतात.

मंडळीतल्या माणसाकडे पैसे अडकले तर प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात म्हणतो तसं कोर्टात जाऊ नये. मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याने भेटावं, मग एक-दोघांना घेऊन. मी दोन्ही केलं. पाळकांसमोर हप्ते ठरले, पाच आले, मग थांबले. अजून १४,००० बाकी आहेत. दर रविवारी तो माझ्या मागच्याच बाकावर बसतो, आणि उपासना संपल्यावर आम्ही हात मिळवतो. पुढच्या जिन्याच्या कामाचं विचारत होता. म्हटलं, कोटेशन देतो, पण या वेळी निम्मे पैसे आगाऊ.