यादीतला पहिला रस्ता

रुजू होऊन दोन महिने झाले आणि माझ्याकडे पहिलं मोठं काम आलं. पुढच्या वर्षी शहरातले कोणते रस्ते करायचे, त्याची यादी. पाहणीचे आकडे तयार होते. मी सगळ्यात खराब रस्ता वर, त्याहून बरा त्याच्या खाली अशी उतरंड लावली, प्रत्येकासमोर अंदाजे खर्च टाकला आणि पैसे संपले तिथे रेघ मारली. रेघेच्या वर अकरा रस्ते आले. फार न्याय्य काम केलं असं मला वाटत होतं. सरांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "हे अकरा झाले. उरलेल्या चारशेंचं वर्षभरात काय होणार?"

मला प्रश्नच कळला नाही. उरलेले आहेत तसे राहतील, असं मी धरून चालले होते. रस्ते विभागाच्या नियोजनात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच चुकतो, म्हणून सुरुवात इथूनच करते.

डांबरी रस्ता दरवर्षी सारखा झिजत नाही. पहिली काही वर्षं तो जेमतेम उतरतो. ऊन आणि हवा लागून डांबर कडक होत असतं, पण वरून काही कळत नाही. मग केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पाणी आत जातं, खालचा खडी-मुरुमाचा थर ओला होऊन दबायला लागतो, चाकाखाली वरचा थर वाकतो, भेगा एकमेकींना मिळतात आणि चाकोरीत मगरीच्या पाठीसारखी जाळी उठते. जाळी उठली की घसरण जोरात. आज भेगा भरून घेतल्या तर स्वस्तात भागणारा रस्ता तीन-चार पावसाळ्यांनी पार पायापासून उकरावा लागतो, आणि त्या दोन खर्चांत काही पटींचा फरक असतो.

माझ्या यादीतले अकराही रस्ते आधीच गेलेले होते. आणखी वर्षभर थांबले असते तरी उकरण्याचा खर्च फारसा वाढला नसता. त्याच वेळी साठेक रस्ते काठावर होते. भेगा होत्या, जाळी नव्हती. ते माझ्या रेघेच्या बरेच खाली. म्हणजे मी सगळा पैसा जे बिघडून झालेत त्यांच्यावर लावला होता आणि जे बिघडणार होते त्यांना बिघडू दिलं होतं. पुढच्या वर्षीची यादी आणखी लांब झाली असती, त्याच्या पुढची त्याहून.

रस्त्याला गुण द्यायची जी पद्धत सगळ्यात जास्त वापरली जाते ती शून्य ते शंभरची. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ती १९७० च्या दशकात विकसित केली, आधी धावपट्ट्यांसाठी, मग रस्त्यांसाठी. भेगा, खड्डे, चाकोरी, सुटलेली खडी यांचा प्रकार, तीव्रता आणि व्याप्ती मोजायची आणि शंभरातून वजा करत जायचं. आता कॅमेरे लावलेली गाडी हे काम झपाट्याने करते. तरी पहिल्या वर्षी निदान वीसेक किलोमीटर पायी मोजून काढा. मोजचाक, खडू आणि वही, बस्स. गाडीच्या फोटोत सावली आणि भेग सारखीच दिसते, आणि तो घोळ फक्त पायी फिरलेल्या माणसाच्या लक्षात येतो.

पण नुसत्या गुणांवर विसंबू नका. माझ्याकडे एकदा दोन रस्ते आले, दोघांनाही पंचेचाळीस गुण. एकावर वरची खडी सुटत होती, दुसऱ्यावर चाकोरीत जाळी. दोन्हीकडे कोअर काढले. फिरतं पोकळ नळकांडं रस्त्यात घुसतं आणि १० सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल बाहेर येतो. पहिल्या रस्त्याचा कोअर अखंड निघाला, फक्त वरचं बोटभर डांबर करडं आणि कोरडं पडलेलं. दुसऱ्याचा हातात घेतानाच तीन तुकडे झाले. थर एकमेकांना चिकटलेलेच नव्हते, मधे ओली माती बसली होती आणि भोकाच्या तळाशी पाणी झिरपत होतं. पहिल्याला वरचं खरवडून नवा थर पुरला. दुसऱ्यावर तोच थर टाकला असता तर वर्षभरात जाळी पुन्हा वर आली असती. गुण तेवढेच, औषध वेगळं, खर्चही वेगळा. ते तीन तुकडे मी अजून टेबलावर ठेवलेत. भेटायला येणारे पेपरवेट समजून उचलतात.

दुसरी मोजणी रहदारीची, आणि तीही बहुतेक जण चुकीची करतात. दिवसाला किती गाड्या जातात हा आकडा रस्त्याच्या जाडीच्या कामाचा नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ खास बांधलेल्या वळसा-रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून मोठी चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की नुकसान आसाच्या, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरच्या, भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. एक टनाच्या आसाच्या तुलनेत दहा टनांचा आस दहा हजारपट. त्यामुळे मोटारी विसरा, ट्रक, बस आणि कचऱ्याच्या गाड्या मोजा. निवांत वस्तीतला रस्ता इतक्या लवकर का फाटतो, याचं उत्तर कित्येकदा रोज सकाळी थांबत-थांबत जाणाऱ्या त्या एका भरलेल्या कचरागाडीत असतं.

आता अंदाजपत्रक. हे कंटाळवाणं वाटतं, पण नोकरीत टिकायचं असेल तर हात इथे बसला पाहिजे. एक किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद, ४० मिलिमीटर जाडीचा थर घ्या. २८० घनमीटर झाले. दाबलेल्या मिश्रणाची घनता घनमीटरला २.३५ टन धरली तर ६५८ टन, म्हणजे २० टनी डंपरच्या तेहतीस खेपा. आता जाडी फक्त ५ मिलिमीटरने चुकवा. ८२ टन, चार डंपर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, कोअरमध्ये दिसतो. देयकावर सही करण्याआधी कोअरच्या जाड्या स्वतः पट्टीने मोजायची सवय मी तिथून लावून घेतली. ठेकेदाराशी भांडण फारसं होत नाही. पट्टी काढलेली दिसली की पुढच्या रस्त्याची जाडी आपोआप बरोबर येते.

कामाच्या रात्री तापमापक जवळ हवाच. मिश्रण साधारण १५० अंशांच्या आसपास येतं आणि ८० अंशांच्या खाली उतरण्याआधी रोलरचं काम उरकावं लागतं. त्यानंतर कितीही रोलर फिरवा, दबत नाही. दाबल्यावर आतली पोकळी ८ टक्क्यांच्या वर राहिली तर भोकं एकमेकांना जोडली जातात आणि पाणी सरळ आत उतरतं. पातळ थर तर फार लवकर गार होतो. वाहतूक पोलिसांची परवानगी उशिरा मिळाली म्हणून दोन डंपर रस्त्यात ताटकळले, तर त्या दोन डंपरांचा तुकडा पुढच्या पावसाळ्यात बरोबर ओळखू येतो. आणखी एक, थरावर थर चढवत गेलं की रस्ता उंच होतो, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात आणि गटाराकडे जाणारं पाणी घरांकडे वळतं. म्हणून आधी खरवडणं अंदाजपत्रकात धरा, वगळू नका. "तेवढं वाचवू या" म्हणणारा कोणी ना कोणी बैठकीत असतोच.

आता पैशाबद्दल. मी अभियांत्रिकी शिकून आले होते. पैसा हा लेखाविभागाचा विषय, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात निम्मं नियोजन पैशाच्या अटींवर ठरतं. शहराचे स्वतःचे कर, वरच्या सरकारचं अनुदान, इंधनकरातला वाटा, कर्जरोखे, रस्ता खोदणाऱ्यांकडून घेतलेलं शुल्क. प्रत्येक पैशाची अट वेगळी आणि खर्चाची मुदत वेगळी. अनुदान बहुतेक वेळा मोठ्या, दिसणाऱ्या कामाला मिळतं. भेगा भरणं हे भांडवली काम ठरत नाही, त्यामुळे ते शहराच्या रोजच्या उत्पन्नावर पडतं, आणि तंगीच्या वर्षी पहिली कात्री तिथेच लागते. रस्ता पूर्ण मोडू द्या, मग पैसे मिळतील, असा हा उफराटा हिशेब आहे. तो एकट्याने बदलता येत नाही, पण देखभालीचा पैसा वेगळ्या लेखाशीर्षात बांधून ठेवावा यासाठी दरवर्षी टिपणी लिहिता येते. मी लिहिते. चौथ्या वर्षी मान्य झाली.

इंधनकराचं दुखणं वेगळं. १९१९ मध्ये ओरेगॉनने अमेरिकेतला पहिला असा राज्य कर लावला, गॅलनला एक सेंट. कल्पना सरळ होती, जो जास्त फिरेल तो जास्त देईल. पण गॅलनमागे ठरीव रक्कम असली की महागाईबरोबर ती आटत जाते. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोल कर १९९३ पासून १८.४ सेंटच आहे. गाड्या कमी इंधन पितात तसा कर घटतो, आणि विजेवरची गाडी तर हा कर देतच नाही, चाकं मात्र तिचीही रस्त्यावरच असतात. अशा स्रोतावर दहा वर्षांचं नियोजन उभं करताना दरवर्षी तेवढीच रक्कम येईल असं कधी लिहू नका.

कर्जरोख्यांत एक सापळा आहे. वीस वर्षांचं कर्ज काढून बारा वर्षं टिकणारा थर टाकला, तर शेवटची आठ वर्षं आपण खरवडून टाकलेल्या रस्त्याचे हप्ते भरतो. कर्ज पायापासून बांधणीला आणि निचऱ्याला लावावं, वरचे थर चालू उत्पन्नातून करावेत, अशी माझी समजूत आहे. मोठा अनुशेष साचला की मात्र कर्जाशिवाय मार्ग उरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०११ मध्ये रस्ते आणि त्यांवरच्या सुरक्षिततेसाठी २४.८ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. तिथे अशा रोख्यांना दोन तृतीयांश मतं लागतात. एवढ्या लोकांना पटवायचं तर यादी कशी बनली हे उघड सांगावं लागतं, आणि ते सांगता यावं अशीच यादी बनवायची.

एक छोटी युक्ती, जी मला कुणी सांगितली नव्हती. डांबर कच्च्या तेलातून निघतं, त्याचा भाव वर्षात दोनदा तरी हलतो. निविदेत भावफरकाचं कलम असेल तर खर्च वाढतो, कधी उतरतोही. म्हणून मुख्य यादीखाली पाच-सहा राखीव रस्ते ठेवा, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यतेसह पूर्ण तयार. वर्षाअखेर पैसे उरतात आणि परत जाऊ नयेत म्हणून धावपळ सुरू होते. त्या आठवड्यात ज्याची फाईल तयार त्याचा रस्ता होतो.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी मी केलेला एक रस्ता अगदी मनासारखा झाला होता. चार महिन्यांनी सकाळी फोन आला, "मॅडम, तुमचा रस्ता फाडतायत." जलवाहिनी बदलण्याचं काम दुसऱ्या विभागाच्या वार्षिक आराखड्यात सहा महिन्यांपासून होतं. तो आराखडा मी मागितलाच नव्हता. त्यांनीही दिला नव्हता, पण मागायचं काम माझं होतं. चर भरला तो एकाच दमात ढकलून, थराथराने दाबून नाही. पहिल्याच पावसात खाली बसला. तेव्हापासून माझी यादी पाणी, मलनिस्सारण, वीज, गॅस आणि केबलवाल्यांकडे फिरून आल्याशिवाय पुढे जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोत नव्या रस्त्यावर पाच वर्षं खोदाईबंदी असते. आमच्याकडे नियम आला, पण नियमापेक्षा दर महिन्याला एका टेबलाभोवती सगळ्यांचे नकाशे पसरणं जास्त उपयोगी पडतं.

शेवटी लोक. "काठावरचे रस्ते आधी" हे गणित कागदावर पटतं, सभेत पटवणं अवघड. एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं पोरी, पलीकडच्या गल्लीत माणूस घसरून पडेल इतका गुळगुळीत रस्ता आहे. तो करतेस, आणि माझ्या दारातला खड्डा तुला दिसत नाही?" मी आलेख दाखवला. आजींनी आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली बसल्या. त्या बसण्यात पटल्याचं काही नव्हतं. आता मी सभेत आलेख नेत नाही. तुमचा रस्ता कोणत्या वर्षी, तोवर खड्डा कोण बुजवणार आणि फोन कुणाला करायचा, एवढं लिहून देते. आणि दरवर्षीच्या पैशातला काही हिस्सा पूर्ण गेलेल्या रस्त्यांसाठी राखतेच. त्यांचं गणित वाईट असलं तरी तिथेही माणसं राहतात.

आजींच्या दारातला खड्डा तोवर चार वेळा बुजवला होता, चारही वेळा उखडला. तिसऱ्या वर्षी त्यांची गल्ली पायापासून घेतली. खणलं तर हातभर खाली जुनी नळजोडणी ठिबकत होती, कधीपासून कुणास ठाऊक, आणि भोवतालचा मुरूम चिखल झाला होता. त्या रस्त्याच्या खर्चातलं पहिलं देयक नळदुरुस्तीचं निघालं. लेखाविभागाने फाईल परत पाठवली, शेरा मारून: रस्त्याच्या कामात नळ कशासाठी?