लिब्रेऑफिस रायटरमध्ये रशियन टाइप करायचंय? आधी एवढं करून ठेवा

कीबोर्ड आधी. विंडोजच्या सेटिंगमध्ये रशियन भाषा जोडली की झालं. अदलाबदलीला विंडोज की आणि स्पेसबार. भाषेच्या पर्यायांत 'नेमॉनिक' लेआउटही मिळतो. त्यात इंग्रजी के दाबलं की रशियन 'क' उमटतो, दोन पानांपुरतं काम असेल तर तोच बरा. भाषा शिकत असाल तर मात्र मुकाट्याने मूळ रशियन लेआउट घ्या. त्यात पूर्णविराम शोधताना डोकं फिरतं: तो उजव्या शिफ्टशेजारच्या कीवर, आणि स्वल्पविराम त्याच कीवर शिफ्ट धरून. दोन टिंबांचा 'यो' एस्केपच्या खाली.

आता मुख्य काम. लिब्रेऑफिस रायटर या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा रशियन करा. खालच्या पट्टीवर भाषेचं नाव असतं, तिथे क्लिक करायचं. कीबोर्ड बदलला म्हणजे हे आपोआप झालं, असं धरून चालू नका. दुसरीकडून आणून चिकटवलेला मजकूर स्वतःची भाषा घेऊन येऊ शकतो. रशियन शब्दकोश बसवलाय का तेही बघा. तो नसेल तर रायटर चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघच मारत नाही. पान चकाचक दिसतं आणि आपण खूश.

एवढा आग्रह का? रशियन 'स' हुबेहूब इंग्रजी सी. 'र' म्हणजे पी, मोठा 'न' म्हणजे एच, मोठा 'व' म्हणजे बी. एखादं अक्षर इंग्रजी कीबोर्डवरून पडलं तर पडद्यावर कळत नाही, कागदावरही नाही. शोधायला जा, 'मॉस्को' समोर दिसत असून सापडत नाही. मागच्या खेपेला याच पायी अख्ख्या सूचीचा विचका झाला. अशा शब्दाखाली लाल रेघ येते, पण भाषा रशियन असेल तरच. म्हणून पुन्हा: रशियन मजकूर निवडा, खालची पट्टी, रशियन.

फॉन्टचं एक. मराठीसोबत रशियन लिहिणारे इथे हमखास अडकतात. रायटरच्या लेखी मराठी 'कॉम्प्लेक्स' गटात, रशियन मात्र इंग्रजीसोबत 'वेस्टर्न' गटात. मराठीचा फॉन्ट कितीही बदला, रशियन अक्षरं ढिम्म हलत नाहीत. वेस्टर्नच्या रकान्यात नोटो सेरिफ, पीटी सेरिफ, टाइम्स न्यू रोमन, काहीही ठेवा. तिरप्या ठशात लहान 'त' इंग्रजी एमसारखा दिसतो. तो तसाच असतो, सुधारायला जाऊ नका.

नवीन परिच्छेद चिकटवलात? भाषा बघा.

बाकीचं पटापट. अवतरणचिन्हं कोनदार. जुनी टेक्स्ट फाइल उघडल्यावर भलतीच अक्षरं आली तर एन्कोडिंग (फाइलमधली अक्षरं वाचायची पद्धत) विंडोज-१२५१ लावा, नाही जमलं तर कोई८-आर. स्क्रीन लॉक करण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर, नाहीतर पासवर्ड मारत बसाल. छपाईला पीडीएफच द्या, आणि ती काढण्याआधी खालची पट्टी बघा. हो, परत.