चामडेकाम करताय? हाताला दोष देण्याआधी या चुका टाळा

चामडेकामाच्या हत्यारांचे भलेमोठे संच मिळतात आणि नवशिका माणूस पहिल्यांदा नेमका तोच घेतो. त्यातली निम्मी हत्यारं पिशवीतून बाहेरसुद्धा येत नाहीत आणि जी येतात ती बोथट निघतात. मग काम बिघडलं की "माझा हातच चालत नाही" म्हणून माणूस निराश होतो. खरं तर सुरुवातीच्या बिघाडांत हाताचा वाटा फार थोडा असतो. आधी चामडं तपासा, मग धार तपासा, आणि त्यानंतरच हाताकडे वळा.

चुकीचं चामडं

बाभळीची साल, हिरडा, ओक अशा वनस्पतींतल्या टॅनिननं कमावलेलं चामडं ओलं केलं की ठसा धरतं, वाळल्यावर तो टिकवतं आणि त्याची कड घोटली, म्हणजे घासून गुळगुळीत केली, की चकाकते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ आणि लवचिक असतं, बॅगा-जॅकेटांना उत्तम. पण त्यावर मारलेला ठसा पुसट होत जातो, आणि कड कितीही घोटा, तंतू वर येतच राहतात. तिथे घोटत बसू नका, सरळ कडेचा रंग लावा. ओळखायचं कसं? कापलेल्या कडेत मधला थर निळसर-करडा दिसला तर ते क्रोमचं. रंग आरपार गेला असेल तर मात्र ही खूण दिसत नाही, म्हणून घेतानाच विचारलेलं बरं.

दुसरी गफलत जाडीची. पट्ट्याला 3 ते 4 मिमी ठीक, पण पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना 1 मिमीच्या वर जाऊ नका. 1.5 मिमीचे चार थर एकावर एक आले की 6 मिमीची कड होते आणि ते पाकीट खिशात मावत नाही. जाडी औंसात लिहिलेली असेल तर 1 औंस म्हणजे साधारण 0.4 मिमी. पोटाकडचं चामडं स्वस्त पडतं, पण ते ताणतं. पट्टा पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेनंच कापा.

बोथट धार

रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या रुंद पात्याच्या सुरीनं, कड तासताना चामडं पुढे गोळा होत असेल, सुरकुतत असेल, तर जोर वाढवू नका. धार गेलेली आहे. एका लाकडी फळीवर चामड्याची पट्टी चिकटवून तिला धातू चकाकवायचा पॉलिशचा साबण चोळून ठेवा आणि काम करताना अधूनमधून पातं त्यावर उलट्या दिशेनं ओढा, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे. नव्या हत्यारालाही हे लागतंच. नवीन आहे म्हणजे धारदार असणार, हा समज सोडून द्या.

जाड चामडं एका दमात कापायला गेलं की पातं कलतं आणि कड तिरकी येते. स्टीलची पट्टी घट्ट दाबून दोन-तीन हलके हात फिरवा.

लोखंडी हातोडीनं छिद्रं पाडू नका. हत्यारांची डोकी चेपतात आणि कडा पसरतात. लाकडी किंवा नायलॉनची मोगरी, म्हणजे ठोकणी, घ्या. ठसे मारायला खाली दगडी लादी हवी, पण छिद्रं पाडताना तीच लादी दात्यांची, म्हणजे काट्यासारख्या छिद्रं पाडायच्या हत्याराची, टोकं मोडते. तेव्हा मध्ये जाडसर रबर किंवा प्लॅस्टिकचा पाट ठेवा.

शिवण वाकडी येते तेव्हा

पुढून सुबक आणि मागून वेडीवाकडी, ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. पहिलं कारण म्हणजे आरी (टोचणी) किंवा दाते सरळ उभे न धरणं. दोन-तीन मिमी जाडीत जरासा कल आला तरी मागची रांग सरकते. दुसरं कारण क्रमाचं. दोन सुयांच्या शिवणीत, म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवून दोन्ही बाजूंनी शिवताना, प्रत्येक छिद्रात आधी कुठल्या बाजूची सुई घालायची ते एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच, आणि दुसरी सुई दर वेळी पहिल्या दोऱ्याच्या त्याच बाजूनं गेली पाहिजे. एका छिद्रात हे उलटलं तरी तो टाका वेगळा उठून दिसतो. दुसरी सुई घालताना पहिला दोरा जरा मागे ओढून धरा, नाहीतर सुई दोऱ्यातूनच आरपार जाते आणि मग ना पुढे ओढता येत, ना मागे. त्यासाठीच बोथट टोकाच्या सुया घ्यायच्या. छिद्रं आधीच पाडलेली असतात, सुईला टोचायचं नसतं. दोरा शिवणीच्या लांबीच्या निदान चौपट घ्या, जाड चामड्याला त्याहून थोडा जास्त.

पाणी, लोखंड आणि तेल

ठसे उथळ येतात याचं कारण बहुतेकदा पाणी असतं. चामडं निथळत असताना ठसा मारला तर तो पसरतो, कोरड्यावर मारला तर उमटतच नाही. स्पंजानं सगळीकडे एकसारखं भिजवा आणि थांबा. वरचा रंग जवळपास मूळ रंगावर येतो, पण गालाला लावल्यावर गारवा जाणवतो, तीच ठोकायची वेळ. सुकवायला हेअर ड्रायर किंवा ऊन नको, चामडं आकसून कडक होतं.

ओल्या चामड्यावर निळे-काळे ठिपके उमटले तर ती बुरशीच असेल असं नाही. लोखंडाचा कीस आणि टॅनिन पाण्यात भेटले की शाईसारखा काळा रंग होतो. धार लावण्याची जागा कामाच्या टेबलापासून लांब ठेवा आणि हात धुऊन मगच चामड्याला लावा. ताजा डाग लिंबाच्या रसानं फिका होतो, पण आधी तुकड्यावर करून बघा.

चामडं रंगवण्याआधी तेल चोपडू नका, रंग ठिकठिकाणी बसत नाही. रंग वाळल्यावर वर राहिलेला सुटा रंग कोरड्या फडक्यानं घासून काढा, फडकं स्वच्छ येईपर्यंत. ही पायरी गाळली की पट्ट्याचा रंग कपड्यांना लागतो. त्यानंतर तेलाचा एक पातळ हात पुरे. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी कोरडं वाटलं तरच दुसरा हात द्या, कारण जास्त झालेलं तेल परत काढता येत नाही.