सर्व्हेयरचा ट्रेड घेताय? उसातल्या उंचवट्याची गोष्ट ऐका

दहावीनंतर आयटीआयला सर्व्हेयर, म्हणजे जमीन मोजणाऱ्याचा ट्रेड घेतला, तेव्हा मावशीला वाटलं की मी दारोदार फॉर्म भरत फिरणार. कोर्स दोन वर्षांचा. आधी साखळी, प्लेन टेबल, ऑटो लेव्हल, थिओडोलाइट ही मोजणीची साधनं, मग टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकदम मोजणारं मशिन) आणि नकाशे काढायचं ऑटोकॅड. त्रिकोणमिती कच्ची असेल तर ती पहिल्या सहा महिन्यांतच पक्की करा. पुढे सगळा खेळ कोनांचाच आहे.

पहिली नोकरी खासगी, रस्त्याच्या कामावर. एकदा उसाआडून दिसेना म्हणून दांडा धरणाऱ्या पोराने त्यावरचा प्रिझम (मशिनचा किरण परतवणारी काच) दीड मीटरवरून दोन मीटरवर चढवला. मशिनमध्ये उंची दीडच राहिली. संध्याकाळी कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा काढल्या, तर सपाट फडात अर्ध्या मीटरचा उंचवटा! चूक पोराची नव्हती, माझी होती. मी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सगळी रीडिंग पुन्हा. तेव्हापासून प्रिझमची उंची बदलली की फील्डबुकात आधी नोंद, मग रीडिंग.

सरकारी वाट म्हणजे भूमी अभिलेख विभागातली भूकरमापकाची, म्हणजे सरकारी मोजणीदाराची भरती. स्थापत्य डिप्लोमावाले आणि आपण, दोघेही चालतो. वेतनश्रेणी 19,900 ते 63,200. मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांच्या टायपिंगची अट मात्र पोरं हमखास विसरतात. ट्रेड चालू असतानाच क्लास लावा.

तिथे गेलात तर जुनी टिपणं, म्हणजे जुन्या मोजणीची मापं लिहिलेले कच्चे नकाशे, वाचता आली पाहिजेत. त्यांतली मापं 33 फुटी साखळीची. साखळीचे आणे सोळा, म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. हे मी कोर्समध्ये नाही, एका निवृत्त मोजणीदाराकडून शिकलो. शेताची हद्द ठरवून देणाऱ्या ‘हद्द कायम’ मोजणीत दोन्ही भाऊ बांधावर उभे असतात. त्यांना रोव्हरचा (उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्राचा) आकडा दाखवून उपयोग नाही, टिपणावर बोट ठेवून दाखवावं लागतं. आणि चहा घ्यायचाच असेल तर दोघांच्याही घरी घ्यावा, नाहीतर कुणाच्याच नाही.

सध्या कामं भरपूर आहेत: रस्ते, कालवे, मेट्रो, ड्रोनने गावठाणांचे नकाशे. ड्रोन उडवायला उत्साही मंडळी बरीच भेटतात, पण जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट (नकाशा जुळवायच्या अचूक मोजलेल्या खुणा) नीट घेणारा माणूस एजन्सीवाले शोधत असतात. रिकाम्या वेळात क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट मिळतं. आणि टोपी घ्या, रुंद काठाची. मे महिन्यात छत्री मशिनवर धरायची असते, आपल्यावर नाही.