वकिलीआधीची तीन वर्षं कुठे घालवावीत?

बारावीचा निकाल लागला की दर वर्षी दोन-चार पालक मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. मी सोलापूरला जिल्हा न्यायालयात वकिली करते. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "ताई, हिला पुढं एलएलबी करायचंय. आधीची पदवी कुठून करू? पुण्याला नामांकित कॉलेजात टाकू का?" गेल्या जूनमध्ये मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी आले होते. मुलीला पुण्याला ठेवायचं म्हणून सोसायटीचं कर्ज काढायची त्यांची तयारी होती. त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी रस्ते दोन आहेत हे पक्कं करा. बारावीनंतर थेट कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचं एलएलबी. वकीलच व्हायचं हे आजच पक्कं असेल, इंग्रजी बरं असेल आणि फी झेपणार असेल, तर पाच वर्षांचा रस्ता घ्या, एक वर्ष वाचतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत त्यासाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. माझं तसं नव्हतं. बारावीला मला शिक्षिका व्हायचं होतं. वकिलीचं वेड बीएच्या दुसऱ्या वर्षाला लागलं. पुढचं सगळं माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे तीन अधिक तीनवाल्यांसाठी आहे.

पालकांना न पटणारी गोष्ट पहिल्यांदा सांगते. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीचा प्रवेश राज्याच्या सीईटीच्या, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. तुमची पदवी पुण्याच्या मोठ्या कॉलेजातली की तालुक्याच्या कॉलेजातली, हे गुणवत्ता यादी विचारत नाही. मुंबईचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय असो की पुण्याचं १९२४ सालचं आयएलएस, दोन्हीकडे जायचं दार हीच सीईटी. पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पदवीकडून हवं ते एवढंच: बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलीचे नियम ठरवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए, म्हणजे श्रेणीगुणांची सरासरी असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र कॉलेज देतं का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा.

दिल्ली विद्यापीठ किंवा बनारस हिंदू विद्यापीठ मनात असेल तर तिथे सीयूईटी-पीजी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा लागते. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानंही २०२२ पासून तीन वर्षांचं एलएलबी सुरू केलं आहे, त्याची परीक्षा वेगळी आहे. मोठं नाव हवंच असेल तर ते तिथे मिळवता येतं. बीएच्या पायरीवर त्यासाठी कर्ज काढू नका.

मुक्त विद्यापीठाबद्दल मात्र सावध राहा. बारावी होऊन मुक्त विद्यापीठातून बीए केलं तर अडचण नाही. पण बारावी न करता, पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट पदवीला बसलेल्यांना बार कौन्सिलचा २००८ चा नियम एलएलबीसाठी पात्र धरत नाही. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी संसार सांभाळत अशी पदवी घेतली. पहिला वर्ग मिळाला. एलएलबीचा अर्ज भरायला बसल्यावर त्यांना हे कळलं. त्या दिवशी त्यांच्या शेजारी मीच होते. दहावी-बारावी राहिलेली असेल तर आधी ती रीतसर करून घ्या, कितीही उशीर झालेला असो.

शाखा कोणती, यावर घरोघरी वाद होतात. लोकमान्य टिळकांची बीए गणितात होती, एलएलबी त्यांनी १८७९ ला केलं. माजी सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीला वाणिज्य शिकले. तेही माजी सरन्यायाधीश असलेल्या धनंजय चंद्रचूडांची पदवी अर्थशास्त्र आणि गणिताची. तेव्हा ज्या विषयात रात्री जागून वाचावंसं वाटतं तो घ्या. अपवाद एकच. पेटंटचं, म्हणजे नव्या शोधांवरच्या हक्कांचं काम करायचं असेल तर पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी कायद्यानंच लागते. तिथे बीए चालत नाही.

मग कॉलेज निवडताना बघायचं काय? मी दोन गोष्टी बघायला सांगते. तिथे लिहून घेणारा एखादा शिक्षक आहे का, आणि तिथला निकाल वेळेवर लागतो का.

लिहून घेणं म्हणजे काय ते सांगते. आमच्या कॉलेजात तर्कशास्त्राचे एक सर होते. दर सोमवारी वर्तमानपत्रातला अग्रलेख कापून फळ्याशेजारी लावायचे आणि म्हणायचे, "शंभर शब्दांत सांगा. लेखातला एक शब्द जरी जसाच्या तसा आला तर वही परत." माझी वही पहिल्या महिन्यात चारही वेळा परत आली. तेव्हा राग यायचा. आठ वर्षांनी सिनिअरांच्या ऑफिसात बसून पहिला वाटपाचा दावा लिहीत होते. चार भाऊ, तीन पिढ्या, अकरा गट नंबर, फेरफारांचा गठ्ठा. सिनिअर म्हणाले, "सगळं राहू दे. दाव्यास कारण कधी आणि कुठे घडलं, तेवढं एका वाक्यात टायपिस्टला सांग." मी सांगितलं: थोरल्या भावानं अमुक तारखेला, अमुक गावी, वाटप करून देण्यास नकार दिला तेव्हा. त्यांनी मान हलवली आणि टायपिस्टनं टाइप केलं. ते वाक्य मला एलएलबीनं नाही, सोमवारच्या त्या वहीनं दिलं.

असा शिक्षक मोठ्या कॉलेजात असेलच असं नाही आणि छोट्या कॉलेजात नसेलच असंही नाही. त्याचा माग काढायचा तर तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, "गेल्या वर्षी तुम्ही परीक्षेबाहेर काय लिहिलंत?" आठवायला वेळ लागला तर समजून जा. ग्रंथालयात जाऊन बसा. इंग्रजी वर्तमानपत्र येतं का, आणि ते हाताळलेलं दिसतं की घडी मोडलेलीच नाही, तेही बघा. खालच्या न्यायालयात आपण मराठीत लढतो, पण उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीतच वाचावे लागतात. "फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो" असं कुणी सांगितलं तर तिथे पाऊल टाकू नका. पुढे एलएलबीला ७० टक्के हजेरीचा नियम आहे, बसायची सवय आधीच लागलेली बरी.

दुसरी गोष्ट निकालाची. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या निकालावर 'राखीव' असा शेरा आला. एका विषयाचे अंतर्गत गुण कॉलेजनं विद्यापीठाकडे पाठवलेच नव्हते. सीईटीला मला चांगले गुण होते, पण कागदपत्रं तपासणीची तारीख तोंडावर आली होती. सहा दिवस मी कॉलेजच्या खिडकीसमोर उभी होते. सहाव्या दिवशी क्लार्कनं कपाटावरचा एक गठ्ठा खाली काढला, त्यातच आमच्या वर्गाची यादी होती, सहीसुद्धा झालेली. गुण विद्यापीठात पोचून गुणपत्रिका हातात येईपर्यंत प्रवेशाची पहिली फेरी निघून गेली आणि तिच्याबरोबर माझं पहिल्या पसंतीचं कॉलेज. म्हणून सांगते, मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाची गुणपत्रिका कोणत्या तारखेला हातात पडली, हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांना नक्की विचारा.

नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीचाही प्रश्न येतो. एलएलबीला तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडलं तरी पुरतं. ज्यांना न्यायाधीश व्हायचंय त्यांनी तर वर्षं मोजूनच चालावं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे बारावीनंतर तीन, तीन आणि पुन्हा तीन. घरच्यांना हा हिशेब पहिल्याच दिवशी सांगा, विशेषतः मुलींनी. मध्येच "अजून किती शिकणार" हा प्रश्न येतो, तेव्हा आधी सांगितलेलं कामी येतं.

मंगळवेढ्याकडच्या त्या मुलीनं शेवटी घराजवळच्या कॉलेजात बीएला प्रवेश घेतला, अर्थशास्त्र घेऊन. वर्ग सकाळचे असतात. तालुक्याचं न्यायालय तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. न्यायालय सगळ्यांना खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही, हे तिला माहीतच नव्हतं. आता आठवड्यातून एकदा ती जाऊन बसते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. उलटतपासात वकील साक्षीदाराला तोच प्रश्न तीन वेगळ्या तऱ्हांनी का विचारतात, हे तिला समजून घ्यायचं होतं.