परदेशातल्या सेवेहून घरी आल्यावर छंदाकडे पुन्हा कसं वळावं

केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत तीन महिने शिकवून मी एप्रिलच्या मध्यात सांगलीला परतले. उन्हाचा कडाका होता, मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू होते आणि माझ्या पलंगाखाली जानेवारीत अर्धी टाकून गेलेली वाकळ, म्हणजे गोधडी, तशीच पडली होती. पंधरा दिवस मी तिला हात लावला नाही. वेळ भरपूर होता. पण सुई घ्यावीशी वाटली की डोळ्यांपुढे पिवळे कॅन डोक्यावर घेऊन पाण्याला निघालेल्या शाळेतल्या मुली यायच्या, आणि वाटायचं, आपण इथे रंगाला रंग जुळवत बसायचं?

तुम्हीही असे कुठे राहून आला असाल आणि चित्र, शिवण, गाणं, लेखन असं काही थांबलं असेल, तर मी कशी परत सुरू झाले ते क्रमाने सांगते.

आधी शरीराकडे बघा

केनिया आणि भारत यांच्या घड्याळात फरक अडीच तासांचाच. तो दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतो. थकवा मात्र उशिरा उतरतो, त्याला आळस समजू नका. मलेरिया असलेल्या भागातून आला असाल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परत आल्यावरही ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात. पुढच्या काही महिन्यांत ताप आलाच, तर कुठे जाऊन आलात हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. पहिले आठ दिवस छंदाचं नावही काढलं नाही तरी चालेल.

मनातल्या टोचणीला उत्तर शोधा

ही पायरी गाळली तर पुढचं काहीच टिकत नाही, असं माझं मत आहे.

मला उत्तर मिळालं ते तिकडच्याच एका आठवणीत. आमच्या शाळेतल्या एका बाई पगार झाल्यावर मला मोम्बासाच्या बियाशारा रस्त्यावर कांगा घ्यायला घेऊन गेल्या. कांगा म्हणजे दीड मीटर लांब आणि एक मीटरहून थोडं जास्त रुंद असं सुती कापड. ते जोडीनेच विकतात, मधे कापून दोन करायचं आणि कडा शिवून घ्यायच्या. काठाला पिंडो म्हणतात, मधल्या भागाला म्जी, आणि खालच्या बाजूला स्वाहिली या तिकडच्या भाषेतली एक म्हण किंवा ओळ छापलेली असते. बाईंनी तासभर दुकानं पालथी घातली. रंग आवडला तर ओळ आवडेना, ओळ आवडली तर काठ पसंत पडेना. घरी पाणी विकत घेणारी बाई एका ओळीसाठी तासभर उन्हात फिरत होती. अडचणी संपल्यावर मग सुंदर काही करायचं, असा हिशेब त्यांच्या घरात नव्हता. आपल्याकडे तरी कुठे होता? फाटक्या लुगड्यांतून वाकळी शिवणाऱ्या आपल्या आज्यांनी दिवस बरे येण्याची वाट पाहिली नव्हती.

तुम्ही राहून आलात तिथली अशी एक आठवण शोधा: गरजेच्या कामांतूनही कुणीतरी मन लावून काहीतरी देखणं केलेलं. ती वहीत लिहून ठेवा. टोचणी परत लागली की वाचा.

नवं नको, अर्धवट राहिलेलं काढा

परत आल्यावर मोठं काहीतरी करावंसं वाटतं. सगळा प्रवास एका चित्रात, एका पुस्तकात आणायचा. ते काही दिवस बाजूला ठेवा. जाण्याआधी जे अर्धं राहिलं होतं ते काढा आणि त्यातला सगळ्यात सोपा भाग धरा.

वाकळीचंच सांगते. खाली एक लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर, वर दुसरं लुगडं, कडा आत दुमडून कच्चे टाके. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्यापर्यंत यायचं. कोपऱ्यावर वळताना थर सरकतात, तिथे सवयीचा हात लागतो. सरळ रांगेत मात्र काही डोकं लावावं लागत नाही. मी पहिले चार दिवस फक्त सरळ रांगा घातल्या, कोपरा आला की दुसऱ्या बाजूला जायचं.

आत्या दारात बसून बघत होती. म्हणाली, "सुई धर की आधी. हात बसलेला हाय तुझा, जातोय कुठं?"

वेळ मोजू नका, माप मोजा. माझं माप होतं एक दोरा. हातभर दोरा सुईत ओवायचा, तो संपला की उठायचं. कधी दहा मिनिटं लागली, कधी वीस. चित्र काढणाऱ्याने पोस्टकार्डाएवढा कागद घ्यावा, लिहिणाऱ्याने वहीचं एक पान. पहिल्या आठवड्यातले टाके लहानमोठे पडले, ते मी उसवले नाहीत. उसवायला बसलं की पुन्हा पंधरा दिवस गेलेच म्हणून समजा. अंगुस्तान मात्र घाला. तीन महिन्यांत बोटांची कातडी मऊ झालेली असते.

तिकडून आणलेलं हळूहळू मिसळा

इथे माझी एक चूक झाली. उत्साहात मी कांगा न धुताच जुन्या साडीला जोडून भाचीसाठी दुपटं शिवलं. पहिल्याच धुण्यात कांगा आटला, साडी आधीच आटून बसलेली असल्यामुळे तशीच राहिली, आणि सगळ्या दुपट्याला चुण्या पडल्या. लाल रंगही उतरला.

म्हणून नवं सुती कापड जुन्याला जोडण्याआधी गार पाण्यात दोन-तीनदा धुवा, खळ निघू द्या, पूर्ण वाळवा. मग ओला पांढरा फडका त्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर आणखी धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका.

वाद्य असेल तर

महिनोन्‌महिने न वाजलेल्या तंबोऱ्यावर एकदम रियाज सुरू करू नका. तारा गंजल्या असतील तर बदला, जवारी, म्हणजे तारा जिथे टेकतात तो घोडीचा घासलेला पृष्ठभाग, बिघडली असेल तर जाणत्या माणसाकडून लावून घ्या. आपल्याला मिरज जवळ आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथे एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवायला घेतली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य सुरात नसताना आपलाच सूर गेला असं वाटतं आणि माणूस उगाच खचतो.

माणसांबद्दल जपून

मुलांचे चेहरे दिसणारे फोटो शाळेला आणि पालकांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नका, त्यावरून चित्रंही करू नका. त्याऐवजी तिथल्या वस्तू काढा. शब्दांची वही करा: किताबु, हेसाबु, चाय, दुका. वाचताना आपलेच वाटतात. आणि तिकडच्या लोकांना तुमच्या हातचं काही पाठवायचं कबूल केलं असेल, तर ते यादीत सगळ्यात वर ठेवा.

मृग लागायच्या आत वाकळ मध्यापर्यंत आली. उरलेल्या चौकोनावर मी धुतलेल्या कांग्याचा ओळीचा तुकडा ठेवला आणि त्यावरूनच धावदोरा घातला. ओळ आहे, "हराका हराका हाइना बराका". घाईच्या कामाला बरकत नाही. आत्याला अर्थ सांगितला, तर तिने "बराका" या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे तर आपलंच हाय." मग तिनेच दुसरी सुई ओवून घेतली आणि राहिलेल्या दोन फेऱ्या आम्ही दोघींनी समोरासमोर बसून घातल्या.