मुंगीसाठी संगणक बनवताय? या चुका टाळा

शाळा सुरू होऊन महिना झाला की विज्ञान प्रदर्शनाची मुलं माझ्याकडे यायला लागतात. परळच्या आमच्या घरात तेव्हा ओट्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागलेली असतेच. बाहेर धो धो पाऊस, बिळात पाणी, जाणार कुठे बिचाऱ्या. ती रांग बघून दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, मुंग्यांनी कॉम्प्युटर वापरला असता तर?" प्रश्न फार मोलाचा आहे. आपल्याहून वेगळ्या जिवाला जग कसं जाणवतं, ते या एका प्रश्नातून जितकं कळतं तितकं धडाभर वाचून कळत नाही. पण पंधरा वर्षं मी या प्रश्नाची त्याच त्याच चुकांनी माती झालेली बघतेय. आठवीची मुलं करतात, इंजिनिअरिंगचीही करतात. म्हणून एकदाचं लिहून काढते.

पडद्यापासून सुरुवात करणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. थर्माकोलचा तुकडा, त्यावर काडेपेटीएवढा लॅपटॉप, समोर प्लास्टिकची मुंगी. आपलं यंत्र लहान केलं की ते मुंगीचं झालं, असं मुलांना मनापासून वाटतं. मी त्यांना आधी हिशेब करायला लावते. कीबोर्डची कळ दाबायला साधारण ५० ग्रॅमचा जोर लागतो. स्वयंपाकघरात दिसणारी बारीक पिवळसर मुंगी एक मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे एक अक्षर उमटवायला पन्नास हजारांहून जास्त मुंग्या एका कळेवर उभ्या करा! मग मुलं म्हणतात, टचस्क्रीन लावू. ठीक, पण त्या काचेवर मुंगीला दिसणार काय?

वाळवंटातल्या कॅटाग्लिफिस या मुंगीची नजर मुंग्यांमध्ये चांगली मानतात. तिच्या एका डोळ्यात साधारण १००० बारीक भिंगं असतात. आपल्या साध्या मोबाइलच्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके. त्यावरचं अक्षर तिला अक्षर म्हणून दिसणारच नाही. आणि कॅटाग्लिफिस झाली हुशार नजरेची. लष्करी मुंग्यांच्या काही जातींत कामकरी मुंग्यांना डोळेच नसतात, तरी लाखोंची फौज बिनचूक चालते.

रंगांचंही तेच. बहुतेक मुंग्यांना अतिनील आणि हिरवा प्रकाश कळतो, लाल जवळपास कळतच नाही. जॉन लबक या इंग्रज संशोधकांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवलं होतं. मुंग्या आपले कोश उजेडातून उचलून अंधारात नेतात. लबक यांनी कोशांवर प्रकाशाचा पट्टा पाडला, तर जांभळ्याच्या पलीकडे, जिथे आपल्याला काहीच दिसत नाही, तिथले कोश मुंग्यांनी घाईने हलवले. लाल भाग त्यांना अंधारासारखाच वाटला. तरी दरवर्षी एक तरी मॉडेल असं येतं, ज्यात मुंगीला सूचना द्यायला लाल दिवा लुकलुकतोय. तो दिवा काढा आणि तुमच्या टॉर्चला लावा. मी टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधते आणि रात्री दिवे मालवून रांग बघते. आपल्याला दिसतं, त्यांना त्रास होत नाही.

एका इंजिनिअरिंगच्या मुलाने मात्र मला खरोखर विचारात पाडलं होतं. एलसीडी पडद्याचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत थरथरतात, आणि कॅटाग्लिफिस आकाशातल्या ध्रुवित प्रकाशावरून दिशा ओळखते, मग पडदा चालायला हवा. अभ्यास करून आला होता, मला फार बरं वाटलं. अडचण एवढीच की ही ओळख तिच्या डोळ्याच्या वरच्या कडेला असते, आकाशाकडे रोखलेली, आणि ती अतिनील प्रकाशात चालते. पडद्यातून अतिनील जवळजवळ येतच नाही.

मग सुरुवात करायची कुठून? नाकापासून. मुंगीचं नाक म्हणजे डोक्यावरच्या दोन शृंगिका, आम्ही सरळ मिशा म्हणतो. माझी पद्धत अशी: डोळ्यांवर रुमाल बांधायचा, टेबलावर हिंग, ठेचलेला लसूण, कापूर आणि उदबत्तीची काडी अशा चार वाट्या ठेवायच्या, आणि नुसत्या वासावर त्या शोधायच्या. दोन मिनिटांत नाक थकतं. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवल्याशिवाय वास कुठून येतो ते कळत नाही, हे मुलांना तिथे समजतं. मुंगीला दोन मिशांवर दोन वेगळे वास एकाच वेळी कळतात. ज्या बाजूला जास्त, तिकडे ती वळते. वास ओळखण्यासाठी फळमाशीकडे साठेक प्रकारचे ग्राही, म्हणजे वास टिपणारे रेणू, असतात, तर आपल्या दक्षिण भारतातल्या उडी मारणाऱ्या मुंगीकडे पावणेचारशेच्या आसपास. २०१७ साली शास्त्रज्ञांनी हे ग्राही चालवणारं एक जनुक मुंग्यांमधून काढून टाकलं. त्या मुंग्या जगल्या, पण गंधाची वाट धरेनात, एकट्याच भरकटायला लागल्या. डोळे शाबूत होते, तरी वसाहतीतलं त्यांचं जगणं विस्कटलं.

जुना वास तसाच ठेवणं

हा प्रसंग मला सांगायलाच हवा, कारण यात चार मुलांची दोन महिन्यांची मेहनत गेली.

नववीचा गट होता. शाळेचं नाव नको. कल्पना उत्तम होती: पुठ्ठ्याचा इंग्रजी वायच्या आकाराचा पूल, एक फाटा 'हो', दुसरा 'नाही'. गूळ ज्या फाट्यावर, तिकडे रांग जाणार आणि संगणकाला उत्तर मिळणार. घरातल्या त्या बारीक पिवळसर मुंग्या, फरोआ मुंग्या म्हणतात त्यांना, दोन दिवस त्या पुलावर ये-जा करत होत्या. गूळ डाव्या फाट्यावर. प्रदर्शनाच्या सकाळी मुलांनी गूळ उजवीकडे हलवला. परीक्षक आले, आणि रांग निवांत डावीकडे, रिकाम्या फाट्यावर.

गटातला मोठा मुलगा घाबरला. त्याने ओल्या फडक्याने पूल पुसला. काही फरक नाही. मग कुणाच्या तरी दप्तरातून डिओ आला. फस्स करून फवारला आणि संपलं. मुंग्या वाट फुटेल तिकडे, टेबलावरून, परीक्षकांच्या कागदांवरून. तो मुलगा मला म्हणाला, "बाई, मुंग्या मूर्ख असतात." मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. मुंग्यांनी काहीच चूक केली नव्हती. आपण त्यांना दोन दिवस डावीकडे लिहायला लावलं होतं आणि लिहिलेलं न पुसता नवा प्रश्न विचारला होता.

फरोआ मुंगीची वाट एका गंधाची नसते. एक गंध लवकर उडून जातो. २००३ साली मोजलं गेलंय की तो निम्मा व्हायला प्लास्टिकवर सुमारे ९ मिनिटं लागतात आणि वर्तमानपत्राच्या कागदावर सुमारे ३. दुसरा गंध टिकाऊ, वापरातली वाट दोन दिवसांनंतरही ओळखू येते. आणि २००५ साली तिसरा सापडला, तो 'इकडे येऊ नका' असं सांगणारा, फाटा फुटतो तिथेच जवळ लावलेला. आता सांगा, यात चटकन पुसली जाणारी स्मृती आहे, टिकणारी स्मृती आहे आणि नकार आहे. संगणकाला आणखी काय हवं? तो पुठ्ठा आमच्यासमोर आधीच संगणक झाला होता, आम्हीच त्याला सामान समजत होतो.

दुसरी एक गोष्ट त्या दिवसापासून मी प्रत्येक गटाला सांगते. अर्जेंटिनी मुंग्यांना आधी फक्त लांबचा रस्ता दिला आणि अर्ध्या तासाने जवळचा जोडला, तर बहुतेक मुंग्या लांबच्याच रस्त्याने जात राहतात. दोन्ही रस्ते सुरुवातीपासून असले तर जवळचा निवडतात. १९८९चा प्रयोग आहे, आणि १९९२मध्ये मार्को डोरिगो या संगणकशास्त्रज्ञांनी याच विचारातून संगणकाला रस्ते शोधायला शिकवणारी पद्धत मांडली. त्यात रस्त्यांवर आकड्यांतला लटका गंध असतो, आणि तो उडून जाणं त्यांनी मुद्दाम ठेवलंय. विसरणं नसेल तर यंत्र पहिल्या चुकीलाच चिकटून बसतं.

माझी सवय सांगते, कुणाला कटकट वाटली तरी. प्रत्येक फेरीला नवा कागद. पुसलेला नाही, नवा. ॲक्रिलिक छान दिसतं म्हणून मुलं हट्ट करतात, मी घेऊ देत नाही. कागद कात्रीने कापायचा, मधल्या भागाला बोट लावायचं नाही. हात साध्या पाण्याने धुवायचे, सॅनिटायझर नाही, त्या दिवशी पावडर-अत्तर नाही. खोलीत मच्छर अगरबत्ती लावलेली असेल तर तो दिवस सोडून द्यायचा. आणि मुंग्यांना वेळ द्यायचा. पाच मिनिटांत रांग लागली नाही की गुळावर गूळ ओतणारी मुलं मला बघवत नाहीत. गूळ वाढवून रांग लागत नाही. एकीला सापडावा लागतो, ती घरी पोचावी लागते, मग बाकीच्या येतात. ज्याला अर्धा तास गप्प बसवत नाही त्याने मुंग्यांचा विषय घेऊ नये, हे मी तोंडावर सांगते.

एका मुंगीला खुर्चीत बसवणं

चित्र काढा म्हटलं की एक मुंगी, एक संगणक. पण वापरणारी कोण, मुंगी की वारूळ? (वारूळ शब्द मी सवयीने लिहिते. मातीची उंच वारुळं बहुधा वाळवीची असतात, आणि वाळवी झुरळांच्या कुळातली, मुंग्यांच्या नाही. प्रकल्पात तेवढं सांभाळा.)

डेबोरा गॉर्डन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेच्या वाळवंटातल्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. सकाळी आधी गस्तीच्या मुंग्या बाहेर जातात. त्या सुखरूप परतल्या की दाणे आणणाऱ्या निघतात. २००३ साली त्यांनी काय केलं, तर गस्तवाल्या मुंग्यांच्या अंगावरचा वास काचेच्या बारीक मण्यांना लावला आणि ते मणी बिळात सोडले. दाणेवाल्या बाहेर पडल्या! मुंगी परत आलीच नव्हती, आला होता तिचा वास. तोही ठरावीक गतीने यावा लागतो, साधारण दहा सेकंदाला एक. मला विचाराल तर मुंग्यांच्या संगणकाचा कीबोर्ड तोच: वास लावलेले मणी, आणि ते सोडण्याचा वेग. आणि उत्तर कुठे वाचायचं? बिळाच्या तोंडाशी, मिनिटाला किती जणी बाहेर पडतात ते मोजून. २०१२ साली दाखवलं गेलं की या मुंग्या बाहेर पडण्याचा वेग परत येणाऱ्यांच्या वेगावर ठरवतात, आणि इंटरनेटवर माहितीची पाकिटं पाठवण्याचा वेगही अगदी तसाच ठरतो.

म्हणून 'मुंगीने काय टाइप केलं' हे विचारूच नका. किती आल्या, किती लवकर आल्या, हे विचारा.

लहान चुका, पण खटकणाऱ्या

राणीला ॲडमिन करू नका. ती अंडी घालते, हुकूम सोडत नाही.

पासवर्ड लागत नाही. अंगावरच्या मेणचट थराचा वास हीच वसाहतीची ओळख, आणि तो मिशा लावून तपासला जातो.

स्पीकर लावायचाच तर टेबलाला चिकटवून लावा. मुंगीला आपल्यासारखे कान नसतात, पायांतून कंपनं कळतात. पानं कापणारी मुंगी मातीखाली गाडली गेली तर अंग घासून कंपनं करते आणि बाकीच्या उकरायला धावतात.

तोंडात पांढरं काही धरून पळतात ती बहुतेक वेळा अंडी नसतात, अळ्या किंवा कोश असतात.

'डिलीट' कसं दाखवायचं हे विचारतात, त्याचं उत्तर १९५८ पासून आहे. मेलेल्या मुंगीच्या अंगातून ओलेइक आम्ल सुटतं. तेच जिवंत मुंगीला लावलं तर बाकीच्या तिला पाय झाडत असतानाच उचलून कचऱ्यावर टाकतात. ती स्वतःला पुसून काढेपर्यंत परत परत टाकतात. हे मी मुलांना करू देत नाही, नुसतं सांगते.

आणि आरेतल्या झाडांवरच्या ओंबिलांना हात लावू नका. पानं शिवून घरटं करतात, अभ्यासाला उत्तम, पण चावतात सणकून. लांबूनच बघा.

गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी आली. तिच्या वहीत लॅपटॉप नव्हता. दोन रुळांवर कागदाची लांब पट्टी, पट्टी हळूहळू सरकते, जुनी वाट निघून जाते आणि नवा कोरा कागद येतो. तिने विचारलं, "बाई, पट्टी किती जोरात सरकवायची?" मी म्हटलं, ओट्यावर कागद ठेव, घड्याळ लाव, बघ. आठवड्याने ती वही घेऊन आली. प्रत्येक मिनिटाला पेन्सिलीने रेघा, पाच रेघांवर एक आडवी, सहा पानं भरून. चौथ्या पानावर गुळाचा डाग होता आणि त्याला चिकटलेली एक मुंगी. मुलीने तिच्याभोवती गोल करून लिहिलं होतं, 'ही मोजलेली नाही.'